पुलावरचा डबा

शेवटचा खेळ पुलाच्या सिनेमाचा करायचा, हे ठरलं तेव्हा घरात कुणाचीच हरकत नव्हती. हरकती निघाल्या त्या टिकलीने पिशवीतून ती चकती बाहेर काढल्यावर.

तोवर दुपार कशी छान चालली होती. थिएटर विकून झालं होतं, उद्यापासून खुर्च्या निघणार होत्या. पुढे इथे फर्निचरचं दुकान होणार होतं. म्हणजे खुर्च्या काढून पुन्हा खुर्च्याच मांडणार, असं नणंदबाई सकाळपासून भेटेल त्याला ऐकवत होत्या, आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदाच सुचल्यासारख्या हसत होत्या. दादा, म्हणजे वहिनींचे यजमान, तिकीटखिडकीच्या गजांवरची धूळ रुमालाने पुसत उभे होते. विकलेल्या वास्तूची धूळ पुसायची नसते हे त्यांना कुणी सांगावं, म्हणून वहिनींनी नुसता चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि रुमाल काढून घेतला.

पुलाच्या सिनेमाला त्याचं असं नाव होतं, पण घरात आणि गावात तो पुलाचाच सिनेमा. कुठेच चालला नव्हता. वितरकाने गाशा गुंडाळला, प्रिंट परत मागायलाही कुणी फिरकलं नाही, आणि ती कायमची या घरची झाली. मग ठरलेल्या सिनेमाच्या पेट्या वेळेवर पोहोचल्या नाहीत की आयत्या वेळी हा लावायचा. असं करत करत त्या गावाने जगात कुणीच पाहिला नसेल इतक्यांदा तो सिनेमा पाहिला होता.

टिकली म्हणजे वहिनींची नात. लहानपणी टिकलीएवढी होती म्हणून टिकली. आता दारातून वाकून यायची वेळ आली तरी टिकलीच. जुन्या फिल्म धुऊनपुसून जपायच्या, अशी तिची नोकरी. मळलेल्या रिळांना कुणी पगार देऊन पुसून घेतं, यावर दादांचा अजून विश्वास बसलेला नव्हता. तर तिला कुठल्याशा तळघरात पुलाच्या सिनेमाची दुसरी प्रत सापडली होती. ती स्वच्छ करून तिने चकतीवर उतरवून आणली होती, नवं मशीनही आणलं होतं, आणि आता डोळे मोठे करून सांगत होती, की ही प्रत आपल्यापेक्षा लांब आहे. शेवट वेगळा आहे.

"आपल्याकडे तो पूल ओलांडून जातो ना? खऱ्या सिनेमात नाही जात. मध्येच थांबतो. कठड्यावर बूट काढून ठेवतो."

पुढचं तिला सांगावं लागलं नाही. ताईंचा, म्हणजे नणंदबाईंचा, चहाचा घोट तोंडातच राहिला.

त्या सिनेमात नायक कोण होता हे आता कुणाला आठवत नाही. लक्षात राहिला तो नायकाचा खोलीतला सोबती, छापखान्यात काम करणारा. तेव्हाच्या सिनेमांत असला माणूस पडद्यावर आला की आधी मागचं संगीत बदलायचं, टुणटुण काहीतरी वाजायला लागायचं, म्हणजे आता हसायचं हे पब्लिकला कळावं. मग तो मनगट मुरडायचा, रुमाल झटकायचा, पिटातून शिट्ट्या पडायच्या. हसण्यासाठी नसला तर तो घाबरवण्यासाठी असायचा, पडद्याआडून सुरा घेऊन येणारा. यापलीकडे तिसरं काही नसायचं. आणि दुसऱ्या दिवशी तीच मनगटं गल्लीतल्या पोरांच्या हाताला लागायची. धाकटे भाऊजी, म्हणजे दादांचे भाऊ, रस्त्याने चालले की त्यांच्या मागे एकेक मनगट मुरडलेलं वहिनींनी गच्चीवरून पाहिलं होतं. भाऊजी तर साधे, पाय ओढत चालणारे. पोरांना कसं कळायचं कोण जाणे. घरातल्यांना मात्र पुढे कितीतरी वर्षं कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

पण या नटाने तसलं काही केलं नव्हतं. मनगट नाही, रुमाल नाही. सगळ्या सिनेमात तो एकच गोष्ट करतो. मित्राच्या कोटाचं बटण तुटलेलं असतं, ते खिडकीपाशी बसून शिवतो. शिवून झाल्यावर दोरा दाताने तोडतो, आणि दोरा तुटल्यावरही त्याचं तोंड त्या कोटापाशी जरासं जास्त राहतं. संगीत नाही, काही नाही. मग कोट झटकून खुंटीला लावतो. बस. तेवढ्यापुरती पिटातली शिट्टीवाली पोरंसुद्धा गप्प व्हायची. वहिनी लग्न होऊन नव्या नव्या आल्या होत्या. पडद्यावर इतकं पाहिलं, पण प्रेम म्हणून कुणी काही दाखवलं असेल तर ते बटण, असं त्यांचं मत तेव्हाच झालं होतं आणि आजवर बदललं नव्हतं.

"बाबांनी कापला असणार शेवट," दादा म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "मी तेव्हा दुसऱ्या गावचं थिएटर बघत होतो. माझ्या कानावर नाही आलं. पण बाबांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. तसला माणूस त्यांना पडद्यावर सोसला नसेल."

टिकलीला ते पटत होतं, आणि म्हणूनच तिला पूर्ण सिनेमा दाखवायचा होता. ती भडाभडा बोलायला लागली. त्या काळात गे माणसाला सिनेमात जगूच द्यायचे नाहीत, शेवटी मारूनच टाकायचे, तीही एक साक्षच आहे, ती लपवून कसं चालेल. ताईंनी तिला हळू बोलायला सांगितलं, झाडणारी बाई बाहेरच आहे म्हणून. तिला हा शब्द तुमच्याआधी माहीत आहे, असं टिकलीने शांतपणे सांगितलं.

दादांचं म्हणणं, आपलीच जुनी प्रिंट लावा आणि विषय संपवा. भाऊला कशाला दाखवायचं की त्याच्या बापाला तो माणूस बघवला नाही? बाबा गेले, आता त्यांचा कोतेपणा उकरून काय मिळणार? ताई आधी दादांच्या बाजूला होत्या, कारण भाऊ मनाला लावून घेईल. मग टिकलीच्या बाजूला गेल्या, कारण त्याला मागून दुसरीकडून कळलं तर जास्त लागेल. मग परत आल्या. वहिनी सगळ्यांकडे बघून मान हलवत होत्या. घरात आल्यापासूनची सवय ती. समोरचा त्याला होकार समजायचा, आणि त्यांनी कधी कुणाचा तो गैरसमज दूर करायची तसदी घेतली नव्हती.

कापलं कुणी हे त्यांना माहीत होतं. त्यांनीच.

पण आज सांगितलं असतं तर दादांनी विचारलं असतं, इतकी वर्षं बोलली का नाहीस, आणि त्याला उत्तर एवढंच होतं की कुणी विचारलं नाही.

---

वकील नेहमीसारखे वेळेआधी आले. भाऊजी चष्म्याचं दुकान बंद करून मागून येणार होते. दादा वकिलांची ओळख अजूनही "भाऊचे स्नेही" अशी करून द्यायचे, आणि ते स्नेही भाऊजींच्या घरात राहायला येऊन इतका काळ लोटला होता, की दारावरच्या पाटीवरची दोन्ही नावं सारखीच उडाली होती. पण आजारपणात दादांसाठी दवाखान्याच्या बाकावर झोपले होते ते वकीलच. दादा ते विसरले नव्हते. फक्त त्याला काय म्हणायचं हा शब्द त्यांना अजून सापडला नव्हता.

टिकलीने उत्साहात वकिलांनाही चकतीचं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि वहिनींना म्हणाले, "जरा मशीनरूमपर्यंत येता?"

लोखंडी जिन्याच्या मधल्या पायरीवर ते थांबले. त्यांचा श्वास लागला होता, पण थांबले ते त्याच्यामुळे नव्हे.

"वहिनी, तो शेवट मी पाहिलाय."

मग जे त्यांनी सांगितलं ते कोर्टात बोलतात तसं, एकावर एक, सुटसुटीत. त्यांच्या गावात हा सिनेमा आला तेव्हा ते कॉलेजात होते. बटण पाहिलं आणि वाटलं, आपल्यासारखा कुणीतरी आहे. आयुष्यात पहिल्यांदा. थोड्या वेळाने तो माणूस बूट काढून पुलावरून पाण्यात गेला. म्हणजे आपल्यासारखा आहे, आणि त्याचं हे असं होतं. घरी जाताना त्यांच्याही गावात एक पूल लागायचा. त्या दिवशी ते लांबच्या रस्त्याने घरी गेले, आणि पुढे कितीतरी दिवस लांबच्याच रस्त्याने जात राहिले. "भीती नदीची नव्हती," वकील म्हणाले. "मी थांबलो असतो, याची होती."

नोकरीधंद्याच्या निमित्ताने ते या गावात आले. एके दुपारी कोर्टाला सुट्टी, आणि थिएटरवर तोच सिनेमा. का गेले हे त्यांचं त्यांना माहीत नाही. शेवटचं रीळ लागलं तेव्हा खुर्चीचे हात धरून बसले होते. आणि तो माणूस पुलावर आला, चालत राहिला, चालतच राहिला, आणि पलीकडे गेला. हातात जेवणाचा डबा.

"मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय. विचारायला वर आलो. हाच जिना. इथे, या पायरीवर हा बसला होता, मालकाचा मुलगा. शेवट बदललाय का, असं विचारायचं होतं, पण तोंडातून निघेना. मग विचारलं, तो डबा कुठून आला?"

वहिनींना पुढचं ठाऊक होतं. त्या तेव्हा वरच होत्या, रीळ उलटं गुंडाळत. पुलावर चढताना त्या माणसाचे हात रिकामे असतात आणि पुलाच्या मध्यावर एकदम त्याच्या हातात डबा येतो, हा गावाचा जुना विनोद होता. पिटातली माणसं दर खेळाला ओरडायची, डबा कुठून आला. भाऊजींनी त्या अनोळखी तरुणाकडे वर बघितलं होतं, आणि विनोद न करता, नीट विचार करून सांगितलं होतं, "मध्ये कुणीतरी भेटलं असेल."

तेव्हापासून भाऊजी रोज दुपारी दुकानातून निघून कोर्टात डबा घेऊन जातात. पावसात, उन्हात, भांडण झालेलं असलं तरी. भांडण झालं की डब्यात भाजी तिखट असते, एवढाच फरक.

"त्याला नका दाखवू," वकील म्हणाले. "माझ्यासाठी नाही. मी पाहून बसलोय. त्याच्या एकट्याच्याच लेखी तो पुलावरचा माणूस जिवंत आहे."

वहिनींनी या वेळी मान हलवली नाही.

---

पूर्वी घरची एक पद्धत होती. सिनेमा लागायच्या आदल्या सकाळी तो रिकाम्या थिएटरमध्ये एकदा चालवून बघायचा. त्याला घरचा खेळ म्हणत. प्रिंट कुठे फाटली आहे, कुठे जोड सुटला आहे, ते तेव्हाच कळायचं, आणि दुरुस्तीचं काम नव्या सुनेकडे आलं होतं, कारण तिची बोटं बारीक होती आणि नाही म्हणायची तिची अजून पद्धत नव्हती. फिल्मची कड बोटांतून सोडत न्यायची, खरचटलं की थांबायचं, पातीने खरवडायचं, जोडायचा द्रव लावायचा, दाबून धरायचं. हाताला दिवसभर नखांच्या रंगासारखा वास.

पुलाच्या सिनेमाचा घरचा खेळ संपला तेव्हा मामंजी बराच वेळ खाली खुर्चीतच बसून राहिले. ते कडक होते, सासऱ्यासमोर सुनेने उभं राहायचं अशा काळातले. वर आले आणि टेबलाकडे बघत म्हणाले, शेवटच्या रिळातून त्याचं थांबणं काढून टाक. पाणी काढ. बूट काढ. तो पलीकडे जाऊ दे.

तिने भीत भीत विचारलं, पलीकडे जातानाचं चित्रच नाही, घालू काय? ते म्हणाले, मधल्या रिळात तो सकाळी कामाला जाताना पूल ओलांडतो, ते काढून इथे लाव. तिने लावलं. सकाळच्या त्या चित्रात त्याच्या हातात डबा आहे, हे ना तिच्या लक्षात आलं ना त्यांच्या. पहिल्या खेळाला पिटातून ओरड झाली तेव्हा ती शरमेने मेली, आता परत काढायला सांगतील म्हणून टेबलापाशी उभी राहिली. मामंजी आले आणि म्हणाले, असू दे.

पण तिच्या मनात राहिलं ते दुसरंच वाक्य. रिळाचं सांगून झाल्यावर जिना उतरताना ते पाठमोरे बोलले होते, कारण सांगावं तसं नव्हे, आठवण करावी तसं. धाकटा उद्या सुट्टीला येतोय.

तेव्हा तिला वाटलं, स्वयंपाकाचं सांगतायत.

---

भाऊजी आले तेव्हा खाली ताई आणि टिकली पुन्हा जुंपल्या होत्या, आणि त्यांना बघून दोघीही एकदम खुर्च्यांच्या लाकडाबद्दल बोलायला लागल्या. भाऊजींनी सगळ्यांचे चेहरे एकेक करून पाहिले. माणसांच्या डोळ्यांत बघण्यातच त्यांचं आयुष्य गेलेलं.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

दादांनी घसा साफ केला. वकील दारापाशी उभे होते, त्यांनी वहिनींकडे नको म्हणून पाहिलं. वहिनींनी ते पाहिलं आणि मनातल्या मनात त्यांची माफी मागितली. या घरात भाऊजींसाठी सगळं दुसऱ्यांनीच ठरवलं होतं. त्यांना काय सोसेल, काय कळू द्यायचं, पाटीवर काय लिहायचं. प्रेमानेच, पण दुसऱ्यांनीच.

"या सिनेमाला दोन शेवट आहेत, भाऊजी," त्या म्हणाल्या. "एक तयार करणाऱ्यांचा. त्यात तो मरतो. एक आपला, तो मामंजींनी माझ्याकडून करून घेतला. तुम्ही दुसऱ्या दिवशी येणार होतात म्हणून. कुठला लावायचा ते तुम्ही सांगा."

दादा वहिनींकडे वळले. "तो येणार होता म्हणून" हे शब्द त्यांच्या ओठांवर हलले, आवाज न होता, जसं काही ते पाठ करत होते. मग ते जवळच्या खुर्चीत बसले.

भाऊजींनी पडद्याकडे बघितलं. पांढरा, रिकामा, एका कोपऱ्यात शिवलेला.

"म्हणजे बाबांना माहीत होतं," ते म्हणाले. "मी सांगायच्या आधी. मी तर कधी सांगितलंच नाही." मग दाराकडे न बघता, "आणि तुला?"

"सिनेमाचं? हो," वकील म्हणाले.

"तरी इतकी वर्षं माझ्याशी वाद घालत बसलास, की डबा त्याच्या बहिणीने दिला असेल."

"तू म्हणायचास नाही, कुणीतरी भेटलं. ते ऐकायला बरं वाटायचं."

ताईंनी पदराने डोळे पुसले आणि कुणी बघितलं तर नाही म्हणून लगेच टिकलीला बसायला जागा कर म्हणून दटावलं.

"आधी त्यांचा लावा," भाऊजी म्हणाले. "सगळा. मग आपला."

टिकलीने चकती लावली. चित्र इतकं स्वच्छ, की बटणाची चार भोकंही मोजता आली असती. नटाच्या गालावर एक व्रण होता, तो या थिएटरमध्ये कधी दिसलाच नव्हता. भाऊजी पुढे झुकले. दोरा तुटला, तोंड कोटापाशी राहिलं, आणि त्यांनी हळूच, ओळखीच्या माणसाला म्हणावं तसं म्हटलं, "काय केलंयस रे बाबा." त्या नटाला पुढे काम मिळालं नाही, असं टिकलीने अंधारात सांगितलं. त्याने इतकं चांगलं केलं, की लोकांना तो खरा तसाच वाटला. भाऊजी म्हणाले, "होताच खरा. मला पुरेसा होता."

मग मित्राच्या लग्नाची वरात, मग पूल, मग थांबणं. वकिलांनी डोळे मिटले. भाऊजींनी मिटले नाहीत. त्यांनी हात पुढे करून वकिलांचा हात धरला, सगळ्यांदेखत, आणि बूट, पाणी, कोरडा कठडा, सगळं शेवटपर्यंत पाहिलं. त्या माणसाने मरतानासुद्धा काही मुरडलं नाही, काही मागितलं नाही, आणि ते जास्तच वाईट होतं.

दिवे लागले. टिकली रडत होती. साक्ष वगैरे शब्द तिला आता आठवत नव्हते.

"जुनं मशीन मला नाही चालवता येत," ती म्हणाली.

दादा उठले. लोखंडी जिना चढले, आणि वहिनी त्यांच्या मागोमाग. वर धूळ होती, तेलाचा वास होता. दादांनी शेवटचं रीळ चढवलं. हातांना अजून सगळं पाठ होतं. मशीन खोकलं आणि सुरू झालं. इतक्या वर्षांनी फिल्म वाळली होती, आणि वहिनींचा जोड तर कधीचाच ठिसूळ झाला असणार.

खाली पडद्यावर तो माणूस पुलावर चढला. हात रिकामे.

"जोड येतोय," वहिनी म्हणाल्या.

दादांनी वरच्या चाकातून उतरणाऱ्या फिल्मच्या कडेखाली बोट धरलं, तापलेल्या कपाळाला लावावं तितकं अलगद, ताण घेऊ नये म्हणून. टक्क असा आवाज झाला, जोड मशीनमधून गेला, आणि तुटला नाही.

खालून, रिकाम्या थिएटरमधून, ताईंचा आवाज आला, लहानपणी पिटातल्या पोरांबरोबर ओरडायच्या तसा. "डबा कुठून आला?"

आणि दादांनी, ज्यांना शब्द सापडत नव्हता, झरोक्याला तोंड लावून उत्तर दिलं.

"मध्ये कुणीतरी भेटलं."

खाली दोन डोकी एकमेकांकडे वळली. पडद्यावर तो माणूस डबा सांभाळत, घाई नसल्यासारखा, पलीकडे पोहोचत होता.